गल्लीतला फुटपाथ महापालिकेच्या अंदाजपत्रकात कसा घालायचा

पुणे महापालिका २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामं मागवते. मी पहिल्यांदा तो अर्ज भरला तेव्हा कामाच्या वर्णनात लिहिलं होतं, "आमच्या भागातील फुटपाथची दुरवस्था झाली असून त्याकडे तातडीने लक्ष द्यावे." वाचकांच्या पत्रव्यवहारात शोभेल असं वाक्य. पुढे काहीच झालं नाही, आणि दोष माझाच होता. असल्या वाक्यावरून कनिष्ठ अभियंत्याने एस्टिमेट करायचं तरी कसं? कुठला फुटपाथ, कुठून कुठपर्यंत, मोडलंय काय, बसवायचंय काय, एकाचाही पत्ता नाही.

पुढच्या वर्षी लिहिलं, "औषधाच्या दुकानापासून बस थांब्यापर्यंत, रस्त्याची डावी बाजू, लांबी ८५ मीटर. फरशी उखडलेली १४ ठिकाणी, फुटपाथच्या वर आलेली चेंबरं ३, झाकण नसलेलं १." ते काम झालं.

पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. महापालिका तक्रार नोंदवून घेते, पण पैसे खर्च करते ते कामावर. तक्रारीचं काम करून देणं बरंचसं आपल्या हातात असतं आणि त्याला ओळख लागत नाही. एक टेप, एक वही आणि दोन-तीन शनिवार पुरतात.

पहिला शनिवार: टेप घेऊन चक्कर

सुताराकडे असतो तसा पाच मीटरचा टेप घ्या. सोबत एक ज्येष्ठ नागरिक आणि एक बाबागाडी असेल तर उत्तम, कारण आपल्याला जे दिसत नाही ते बाबागाडीच्या चाकाला बरोबर कळतं. सकाळी नऊ ते अकरा या वेळात जा. पहाटे फुटपाथ मोकळा असतो, त्यावरून काहीच समजत नाही.

मोजायचं काय? रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांसाठी आयआरसी १०३ नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यानुसार चालायला सलग मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जातील इतकी. डोक्यावर २.२ मीटरपर्यंत फांदी, पाटी, छत काही नको. रस्त्यापासून फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. हा शेवटचा आकडा बहुतेकांना उलटा वाटतो. उंच फुटपाथ म्हणजे सुरक्षित फुटपाथ अशी आपली समजूत असते. पण तो गुडघे दुखणाऱ्या बाईला चढता येत नाही, मग ती रस्त्यावरून चालते आणि फुटपाथवर स्कूटर उभी राहते.

"मोकळी" हा शब्द नीट लक्षात ठेवा. फुटपाथ अडीच मीटर रुंद असेल, पण मध्येच विजेचा डीपी बॉक्स, त्याला लागून झाडाचं आळं आणि पुढे दुकानाची पायरी असेल, तर तिथे चालायला उरते ती रुंदी लिहायची. आमच्या मोजणीत एके ठिकाणी ती ४० सेंटिमीटर निघाली. एवढ्यात माणूस आडवा होऊनच जातो, तेही हातात पिशवी नसेल तर.

प्रत्येक अडथळ्याचा फोटो काढा, फोटोत टेप दिसू द्या आणि शेजारच्या दुकानाची किंवा इमारतीची खूण लिहा. सोसायट्यांच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरून पुन्हा वर चढतो का, तेही बघा. नियमाने फुटपाथ आपल्याच पातळीवर सलग जायला हवा, चढउतार गाडीने करायचा. आपल्याकडे दर वीस पावलांना माणूसच चढतो आणि उतरतो. पुण्यात प्रत्येकाकडे मत असतं, मोजमाप कुणाकडेच नसतं, म्हणून ही मोजमापाची दोन पानं अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली की संभाषणाचा सूर लगेच बदलतो.

हे आहे कुणाचं?

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथे अडकतो. सात मीटरच्या गल्लीतही निदान पाच-सहा मालक असतात.

सगळ्यात आधी हद्द. तुम्ही पुणे महापालिकेत आहात, पिंपरी-चिंचवडमध्ये, की पुणे किंवा खडकी कॅन्टोन्मेंटमध्ये? कॅन्टोन्मेंटचा कारभार वेगळा आणि कायदाही वेगळा. हद्दीबाहेरच्या नव्या गृहप्रकल्पांचा संबंध पीएमआरडीएशी, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाशी येतो. रस्त्याच्या एका बाजूला एक यंत्रणा आणि पलीकडे दुसरी, असंही काही ठिकाणी आहे. हमरस्ता राष्ट्रीय महामार्गाचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचाही असू शकतो.

पुणे महापालिकेत असाल तर आपलं क्षेत्रीय कार्यालय शोधा. अशी पंधरा कार्यालयं आहेत, लोक त्यांना अजून वॉर्ड ऑफिसच म्हणतात. प्रमुख सहायक आयुक्त असतात. ढोबळमानाने १२ मीटरपर्यंतच्या रस्त्यांची कामं क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि त्याहून रुंद रस्ते मुख्य खात्याच्या पथ विभागाकडे. त्यामुळे रस्त्याची रुंदीही मोजून ठेवा. नाहीतर "हा आमच्याकडे येत नाही" हे ऐकण्यासाठी अर्धा दिवस जातो.

मग खाती. फरशी, कर्ब म्हणजे फुटपाथच्या कडेचे दगड, दुभाजक पथ विभागाकडे. चेंबर कुठलं ते झाकण बघून ठरवायचं. सांडपाण्याचं आणि पावसाळी गटाराचं ड्रेनेजकडे, व्हॉल्व्हचं पाणीपुरवठ्याकडे, आणि इंटरनेटच्या केबलचं खाजगी कंपनीचं. पथदिवा महापालिकेच्या विद्युत विभागाचा, पण त्याच्या शेजारचा डीपी बॉक्स महावितरणचा. या दोघांत गल्लत केली की अर्ज महिनाभर इकडून तिकडे फिरतो. झाड उद्यान विभागाचं. टपरी आणि वाढीव शेड अतिक्रमण विभागाकडे. नो-पार्किंग, सिग्नल, गतिरोधक यांना वाहतूक पोलिसांची संमती लागते, म्हणून "गतिरोधक टाका" असा नुसता अर्ज महापालिकेत देऊन भागत नाही.

आमच्या तीन चेंबरांपैकी एक ड्रेनेजचं होतं, एक पाण्याचं, आणि तिसऱ्याचं झाकण कोरं. उघडल्यावर आत काळ्या केबलींचं वेटोळं. त्याचा मालक सापडेपर्यंत तीन आठवडे गेले. वहीत प्रत्येक अडथळ्यासमोर खात्याचं नाव लिहून टाका, म्हणजे एका गाऱ्हाण्याचे चार-पाच नेमके अर्ज तयार होतात.

झाकण नसलेलं चेंबर, लोंबकळणारी तार, बंद पथदिवा, यांना अंदाजपत्रकाची वाट बघायची नसते. पीएमसी केअर ॲपवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात लगेच तक्रार टाका आणि टोकन क्रमांक वहीत लिहा. तोवर चेंबरच्या तोंडाशी एखादी कुंडी किंवा फांदी ठेवा. पुणेकर पिढ्यान् पिढ्या तेच करत आलेत.

अर्ज कधी आणि कसा

महापालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात बदल करते, आणि मार्चअखेरपर्यंत मुख्य सभेत ते मंजूर होतं. म्हणजे मार्चमध्ये जाऊन "यंदा आमचा फुटपाथ घ्या" म्हणणं हे वरात निघाल्यावर पत्रिका छापण्यासारखं.

नागरिकांसाठीची खिडकी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात उघडते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळतो. वर्तमानपत्रात निवेदन येतं, पण ते आतल्या पानावर. गणपतीची गडबडही तेव्हाच असते, म्हणून जुलैच्या शेवटापासून कार्यालयात विचारत राहा. एका कामाला पाच लाख रुपयांची मर्यादा ठेवली जाते आणि प्रभागासाठी मिळून ठरावीक रक्कम असते. फुटपाथ, पथदिवे, बस थांब्यावरची बसायची सोय, सार्वजनिक स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी कामं यात बसतात. उड्डाणपूल मागू नका. दरवर्षी कुणीतरी मागतंच.

पाच लाखांत अख्खा रस्ता होत नाही, म्हणून तुकडा निवडा. निवडताना माझा निकष एकच, तो तुकडा कशाला तरी कशाशी जोडतो का? शाळेच्या फाटकापासून चौकापर्यंत, दवाखान्यापासून बस थांब्यापर्यंत. कुठूनही सुरू होऊन कुठेही संपणारा सुंदर फुटपाथ फोटोपुरता असतो. उरलेला तुकडा पुढच्या वर्षी मागा, तेव्हा "याच कामाचा पुढचा टप्पा" असं लिहिता येतं आणि ते वजनदार वाटतं.

अर्जासोबत मोजमापाचं पान, दोन-तीन फोटो आणि हाताने काढलेला नकाशा जोडा. सह्या गोळा करायच्या तर एकाच सोसायटीच्या ऐंशी नकोत. दुकानदार, रिक्षा स्टँडवरचे काका, शाळेतले पालक अशा पंचवीस घ्या. पोच घ्या, आवक क्रमांकासह. पोच नसलेला अर्ज म्हणजे गप्पा.

पुढे हे अर्ज छाननीला जातात आणि प्रभाग समितीपुढे येतात. इथे नगरसेवक लागतात. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. आता ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत. बहुतेक प्रभागांत चार आणि एकात पाच. याचा व्यवहारी अर्थ असा की चौघांनाही प्रत द्यायची. एकालाच दिली तर उरलेल्या तिघांच्या दृष्टीने ते काम त्या एकाचं होऊन बसतं.

फाइल कुठे कुठे थांबते

काम यादीत आलं म्हणजे झालं, असं नाही. जेई म्हणजे कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन पाहणी करतात आणि डीएसआर म्हणजे दरसूचीप्रमाणे एस्टिमेट करतात. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यादेश. दर महिन्याला एकदा जाऊन "फाइल आता कुठल्या टप्प्यावर आहे?" एवढंच विचारा. आवाज चढवायची गरज नाही. टप्प्याचं नाव घेऊन विचारणाऱ्या माणसाला मोघम उत्तर देणं अवघड जातं.

पाहणीच्या दिवशी मात्र हजर राहाच. एस्टिमेटमध्ये जे लिहिलं जातं तेच होतं. "चेंबरची पातळी जुळवणे" ही बाब त्यात नसेल, तर नवी फरशी जुन्या उंच चेंबरच्या भोवतीने बसते आणि ठेच तशीच राहते. कोपऱ्यावरचा उतार, दृष्टिहीनांसाठीची खाचांची पिवळी फरशी, पाणी जायला जाळी, हेही तेव्हाच सांगायचं. बोलार्डचा, म्हणजे दुचाकी अडवायच्या खांबांचा आग्रह विचार करून धरा. मोटारसायकल आणि व्हीलचेअर जवळजवळ सारख्याच रुंद असतात. खांब इतके जवळ लावले की दुचाकी अडेल, तर व्हीलचेअरही अडते.

आणि एक विसरू नका. कार्यादेशाच्या आधी पाणीपुरवठा, ड्रेनेज, महावितरण आणि गॅस कंपनी यांना लेखी विचारा, येत्या वर्षात या रस्त्यावर खोदाई आहे का. मी पूर्वी राहायचे त्या गावात नव्याकोऱ्या फुटपाथला वीस दिवस झाले नाहीत तोच केबलवाल्यांनी तो कडेकडेने उकरला, आणि पुन्हा भरला तो नुसत्या मातीने. पहिल्या पावसात दूधवाल्याची सायकल त्यात रुतली. परवानगी रीतसर होती. फक्त एकाने दुसऱ्याला विचारलं नव्हतं.

काम चालू झाल्यावर

कामाच्या ठिकाणी ठेकेदाराचं नाव, रक्कम, मुदत आणि दोषदायित्व कालावधी लिहिलेला फलक मागा. दोषदायित्व म्हणजे एवढी वर्षं काही बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. पुण्यात याचा दाखला द्यायला लांब जावं लागत नाही. जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या लेखी हमीवर बांधला. त्यानंतर कित्येक दशकं त्यावर खड्डा पडला नाही म्हणून लोक अजून त्याची गोष्ट सांगतात. याच रस्त्याचे फुटपाथ आता रुंद झालेत, बसायला बाकं आहेत. एकदा मुद्दाम तिथे चालून या, म्हणजे आपल्याला नेमकं काय मागायचं ते डोळ्यांना कळेल. ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करतात, तेव्हाही जाऊन बघा.

मजूर फरशी बसवत असताना खालचा थर नीट धुमस केला, म्हणजे ठोकून घट्ट बसवला आहे का, एवढं बघा. ठेकेदाराला सूचना देत बसू नका, जेईंना फोटो पाठवा. चहा मात्र मजुरांना जरूर द्या.

फुटपाथवरचा कचरा वेगळा विषय नाही

गल्लीत जिथे फुटपाथ रुंद होतो, तिथे महिन्याभरात कचऱ्याची पिशवी येते. एकीच्या चार होतात आणि मग त्या जागेला महापालिकेच्या भाषेत नाव मिळतं, क्रॉनिक स्पॉट. त्यामुळे फुटपाथ मागायच्या आधी आपल्या इमारतीचा कचरा कसा जातो ते बघून घ्या.

पुण्यात बऱ्याच भागांत घरोघरचा कचरा "स्वच्छ" या सहकारी संस्थेचे सभासद उचलतात. मूळ संघटना कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ ची. त्यातून ही संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून काम करते. सभासद तीन हजारांहून जास्त, बहुसंख्य बायका. त्यांची कमाई दोन ठिकाणची. घरटी महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघणारं भंगार. म्हणून सुका कचरा ओल्यात कालवून दिला की ताईंचा वेळ आणि पैसा दोन्ही बुडतात. दुधाची पिशवी विसळून सुक्यात टाकायला दहा सेकंद लागतात.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ती पुडी कुणी उघडत नाही. ट्यूबलाइट, सेल, जुनी औषधं वेगळी. फुटलेली काच जाड कागदात, वर "काच" लिहून. जुनी गादी रात्री फुटपाथवर नेऊन ठेवणाऱ्याला तर माझ्याकडे माफी नाही. भंगारवाल्याला किंवा कचरा नेणाऱ्या ताईंना आधी विचारा, अशा वस्तू गोळा करायच्या मोहिमा होत असतात.

दिवसाला शंभर किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा असतो. लहान सोसायटीनेही खताचा हौद केला तर फायदा आहे. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत मिळते. प्रकल्प खरोखर चालू हवा, तपासणी होते. हौदात नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय टाकू नका, वर्षभर तशीच राहते.

भाजीवाल्या मावशींचं काय?

प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "आधी फेरीवाले हटवा." घाई करू नका. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यांच्या जागा नगर पथविक्रेता समितीमार्फत ठरायच्या असतात, आणि त्या समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असतात. शिवाय टेप लावून बघा. आमच्या ८५ मीटरमध्ये भाजीच्या दोन टोपल्यांनी जेवढी जागा घेतली होती, त्याच्या कितीतरी पट फुटपाथवर चढवलेल्या दुचाकींनी. त्यातल्या निम्म्या आमच्याच इमारतीतल्या. बैठक त्या दिवशी लवकर आटोपली.

झाड आडवं येत असेल तर फुटपाथ वळवायला सांगा. परवानगीशिवाय झाड तोडणं १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि उन्हात पांढरा पडलेला मोकळा फुटपाथ एप्रिलमध्ये कुणी वापरत नाही.

अडलंच तर

महिनोन् महिने उत्तर नसेल तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा, उत्तराची मुदत तीस दिवस. "काम का झालं नाही?" असं विचारू नका, कारणं हुडकून देणं त्या कायद्यात बसत नाही. एस्टिमेट, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा, किंवा नुसती फाइल पाहू द्या म्हणा. पाहणीचा पहिला तास फुकट असतो. मोजमाप पुस्तिकेत किती मीटर फरशीचं बिल निघालं ते लिहिलेलं असतं, आणि तुमचा टेप तुमच्याकडे असतोच.

काम पूर्ण झाल्याची तारीख आणि दोषदायित्व संपायची तारीख, दोन्ही सोसायटीच्या फलकावर लावून ठेवा. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की अर्ध्या तासाने छत्री घेऊन बाहेर पडा. फरशीवर पाणी कुठे साचलंय, कुठली फरशी पाय ठेवल्यावर पिचकारी मारते, जाळीत काय अडकलंय, फोटो काढा आणि त्याच दिवशी जेईंना पाठवा. सुकल्यावर यातलं काहीच दिसत नाही.